घशातील गॉझची पट्टी : उपयोग, उपद्रव आणि नोंद

आपल्या वार्षिक अहवालात ताळेबंदाच्या पानांपूर्वी एक अभ्यासलेख देण्याची प्रथा आहे. देणगीतून काय उभे राहिले हे देणगीदारांना आकड्यांवरून कळते. परंतु शस्त्रक्रियागृहाच्या बंद दाराआड काय घडते ते आकडे सांगत नाहीत. यंदाच्या लेखासाठी आम्ही मुद्दामच एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू निवडली आहे. नाक, दात, जबडा किंवा टाळू यांची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करताना रुग्णाच्या घशात गॉझची ओली पट्टी बसविली जाते, ती ही वस्तू. शस्त्रक्रियागृहात तिला ‘थ्रोट पॅक’ म्हणतात. खरेदीच्या नोंदवहीत तिला स्वतंत्र रकानाही मिळत नाही, इतकी तिची किंमत अल्प आहे. तथापि ती घशात राहून गेली तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे; वैद्यकाचे नव्हे. त्यामुळे येथे जे लिहिले आहे ते भूलतज्ज्ञांकडून समजावून घेऊन आणि या विषयावर प्रसिद्ध झालेले साहित्य त्यांच्या साहाय्याने वाचून लिहिले आहे. विषय वैद्यकीय असला तरी त्याचा उत्तरार्ध हिशेबाचा आहे, आणि तेथे आम्हांस थोडे बोलण्याचा अधिकार आहे असे वाटते.

पूर्ण भूल आणि गाढ झोप यांत फरक आहे. झोपलेल्या माणसाच्या घशात पाण्याचा थेंब उतरला तर तो ठसका लागून जागा होतो. भूल दिलेल्या माणसास ठसका लागत नाही, त्याला आवंढा गिळता येत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे स्नायूही औषधाने शिथिल केलेले असतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून तिच्यातून प्राणवायू व भुलीचे वायू दिले जातात. या नळीच्या टोकाजवळ एक लहान फुगा असतो. त्यात हवा भरली की नळी आणि श्वासनलिकेची भिंत यांमधील फट बुजते. शस्त्रक्रिया पोटाची किंवा पायाची असेल तर एवढ्यावर भागते. परंतु नाकाचा वाकडा पडदा सरळ करताना, रुतलेली अक्कलदाढ काढताना किंवा मोडलेला जबडा जोडताना रक्त, दाढेचे तुकडे, हाड कोरताना सोडलेले पाणी हे सारे उताराने घशाकडे येते. तेथून त्यास दोन वाटा असतात. एक अन्ननलिकेतून जठराकडे जाते. दुसरी श्वासनलिकेच्या तोंडाशी, म्हणजे फुग्याच्या वर येऊन थांबते; फुगा नीट बसला नसेल तर तीच वाट फुप्फुसापर्यंत पोहोचते. या दोन्ही वाटा अडविण्यासाठी पट्टीची योजना आहे.

नळी बसविल्यानंतर भूलतज्ज्ञ किंवा शल्यचिकित्सक सलाइनमध्ये भिजवून पिळलेली पट्टी घेतात. लॅरिंगोस्कोपच्या उजेडात, वाकड्या चिमट्याने, जिभेच्या मागे नळीभोवती ती हलक्या हाताने रचली जाते आणि तिचे एक टोक तोंडाबाहेर ठेवले जाते. कोरडी पट्टी घशाच्या नाजूक अस्तराला चिकटते, म्हणून ती ओली करावयाची. फार ओली ठेवली तर रक्त शोषण्यास जागाच उरत नाही, म्हणून पिळावयाची.

या पट्टीचा इतिहास नळीच्या फुग्याहून जुना आहे. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडमधील सिडकप येथील क्वीन्स हॉस्पिटलात हॅरॉल्ड गिलीज शस्त्रक्रिया करीत. ज्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया व्हावयाची त्याच चेहऱ्यावर भुलीचा मुखवटा कसा ठेवणार? तेथील भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबोथम यांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली, आणि रक्त आत जाऊ नये म्हणून नळीभोवतीचा घसा गॉझने भरला. पट्टी बसविण्याच्या वाकड्या चिमट्यास आजही मॅगिल यांचेच नाव आहे. पुढे १९२८ साली अमेरिकेत आर्थर गुडेल आणि राल्फ वॉटर्स यांनी फुगा असलेली नळी प्रसिद्ध केली. फुग्याने श्वासनलिका खरोखर बंद होते हे पटविण्यासाठी गुडेल यांनी आपल्याच कुत्र्यास भूल देऊन, नळी बसवून, पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले होते. कुत्रा सुखरूप बाहेर आला. त्याचे नाव ‘एअरवे’, म्हणजे श्वासमार्ग.

तेव्हापासून पट्टीचे मूळ काम बऱ्याच अंशी फुग्याने आपल्याकडे घेतले. पट्टी मात्र वहिवाटीने राहिली. जुन्या पेढीत एखादे खाते व्यवहाराविना वर्षानुवर्षे पुढे ओढले जाते, तसाच काहीसा हा प्रकार झाला.

काही ठिकाणी अर्थात पट्टीला आजही खरे काम आहे. दाताचा तुकडा, तुटलेली सुई, भरावाचे साहित्य असे काही निसटले तर पट्टी ते वरच्या वर झेलते. लहान मुलांना पूर्वी बिनफुग्याच्या नळ्या घालण्याची रीत होती. नळीभोवतीची गळती थांबविण्यास पट्टी उपयोगी पडे. आता मुलांसाठीही चांगल्या फुग्याच्या नळ्या मिळतात, त्यामुळे ही गरज कमी झाली आहे. दुभंगलेल्या टाळूच्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक स्वतःच घशात पट्टी ठेवतात, कारण त्यांचे काम नेमके घशाच्या तोंडाशी चालते. रक्तस्राव बराच होण्याची शक्यता असेल तर घसा कोरडा ठेवण्याचा तो एक साधा उपाय ठरतो.

परंतु पट्टीचा जो लाभ सर्वांत अधिक सांगितला जातो, तोच तपासात सर्वांत कमजोर ठरला आहे. गिळलेले रक्त जठरात गेले की मळमळते. पट्टीने रक्त अडले म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची उलटी टळेल, असा हा युक्तिवाद आहे. ऐकण्यास तो अगदी बिनतोड वाटतो. नाकाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे दोन गट करून, एका गटास पट्टी घालून व दुसऱ्यास न घालता, अनेक ठिकाणी तुलना करण्यात आली. पट्टी घातल्याने उलट्या खात्रीने कमी होतात असे त्यांतून सिद्ध झाले नाही. कारण उलटीचा संबंध गिळलेल्या रक्ताहून इतर गोष्टींशी अधिक असतो. स्त्रियांना, धूम्रपान न करणाऱ्यांना, ज्यांना प्रवासात गाडी लागते किंवा पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्या आहेत त्यांना, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागतात त्यांना हा त्रास अधिक होतो. भुलीपूर्वीच्या तपासणीत डॉक्टर ‘गाडी लागते का?’ असे विचारतात तेव्हा नातेवाइकांना हसू येते. त्या प्रश्नामागील कारण हे आहे.

आता उपद्रवांकडे वळू. सर्वांत सामान्य तक्रार घसा दुखण्याची. केवळ नळीमुळेही एक-दोन दिवस घसा दुखतो; पट्टी घातल्यास ते दुखणे वाढू शकते. घशाच्या अस्तरास ओरखडे पडणे, तोंडात व्रण उठणे, पडजीभ सुजणे हेही आढळते. पट्टी फार घट्ट बसली आणि शस्त्रक्रिया लांबली तर जिभेतील रक्ताचा परतीचा मार्ग दबून जीभ सुजते. या बहुतेक तक्रारी आपोआप बऱ्या होतात. त्यांच्यामुळे रुग्ण कुरकुरतो, पण घरी जातो.

ज्याची खरी भीती बाळगावी असा उपद्रव एकच : पट्टी काढण्याचे राहून जाणे. शस्त्रक्रिया संपते, नळी काढली जाते, रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो आणि रक्ताने भिजून जड झालेली पट्टी श्वासमार्गाच्या तोंडावर बसते. श्वास घरघरतो, छाती आत ओढली जाते, प्राणवायूची पातळी उतरू लागते. भुलीतून बाहेर येताना स्वरयंत्राचा झटका येऊनही असेच दिसते. त्यामुळे मौल्यवान मिनिटे त्या समजुतीत जाऊ शकतात. लॅरिंगोस्कोप घालून घशात पाहणे हाच त्यावेळचा उपाय. सुदैव असेल तर रुग्ण रिकव्हरी रूममध्ये खोकून पट्टी बाहेर टाकतो. काही वेळा ती गिळली जाऊन पुढे आतड्यात अडथळा करते. आणि काही वेळा मृत्यू येतो. असे मृत्यू वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. असा प्रकार क्वचितच घडतो. परंतु जो रुग्ण नाकाचा पडदा सरळ करून घेण्यासाठी चालत आला, त्याच्या घरच्यांना ‘क्वचित’ या शब्दाने काय समजावणार?

अनुभवी, सुशिक्षित, प्रामाणिक माणसांच्या हातून हे का घडते? येथे आमच्या हिशेबी मनास विषय खऱ्या अर्थाने कळू लागला. पोटाच्या शस्त्रक्रियेत वापरलेला प्रत्येक मॉप आणि स्वॅब स्क्रब सिस्टरच्या टेबलावरून जातो आणि तिच्या मोजणीत असतो. घशातील पट्टी मात्र अनेकदा भूलतज्ज्ञ आपल्या ट्रॉलीवरून घेतात, शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीच, सिस्टर टेबल मांडत असताना. म्हणजे व्यवहार झाला, पण तो कोणाच्याच वहीत चढला नाही. शेवटी सिस्टर मोजते, तिचा आकडा बरोबर येतो, आणि हिशेब जुळल्याचे समाधान सर्वांना मिळते. मध्ये भूलतज्ज्ञ बदलले असतील, पुढचा रुग्ण दाराशी थांबला असेल, पट्टीचे बाहेरचे टोक रक्ताने माखून आत सरकले असेल, तर आठवण करून देणारे काहीच उरत नाही. ज्याने घातली त्यास वाटते शल्यचिकित्सक काढतील. त्यांना वाटते भूलतज्ज्ञ काढतील.

जबड्याच्या शस्त्रक्रियेत हा धोका दुप्पट होतो. दुचाकीच्या अपघातात जबडा मोडलेले तरुण रुग्णालयांत येत असतात. त्यांचे वरचे व खालचे दात तारेने एकमेकांस बांधले जातात. तोंड एकदा बांधल्यावर आत राहिलेली पट्टी ना दिसते, ना काढता येते. म्हणून तार आवळण्यापूर्वी पट्टी बाहेर आली पाहिजे, असा क्रम ठरलेला असतो. अशा रुग्णाच्या उशाशी तार कापण्याची कात्री ठेवलेली असते. नातेवाइकांनी ती तेथून हलवू नये; उलटी झाली किंवा श्वास अडला तर क्षणात लागते.

पट्टी काढल्यानेही काम संपत नाही. नाकाच्या मागे, मऊ टाळूच्या वर, रक्ताची गुठळी लपून राहू शकते. समोरून पाहिले तर ती दिसत नाही. रुग्ण जागा होताना ती घसरून श्वासमार्गात पडते. इंग्रजीत या गुठळीला ‘कॉरोनर्स क्लॉट’ म्हणतात. कॉरोनर म्हणजे आकस्मिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. गुठळी मृत्यूनंतरच्या तपासणीत सापडे, म्हणून हे नाव. यास्तव नळी काढण्यापूर्वी भूलतज्ज्ञ टाळूच्या मागेही सक्शन फिरवितात.

इंग्लंडमधील तेव्हाच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने (ही संस्था २०१२ साली बंद झाली) २००९ साली या विषयावर स्वतंत्र सूचनापत्रक काढले. त्यातील मुद्दा आम्हांस फार शहाणपणाचा वाटला. पट्टी घालण्याचा निर्णय प्रत्येक रुग्णाबाबत कारणासह व्हावा. आणि घातलीच तर किमान एक खूण डोळ्यांना दिसणारी आणि किमान एक नोंद कागदावरची असावी. दिसणारी खूण म्हणजे रुग्णाच्या कपाळावर चिकटपट्टी किंवा शाईची खूण, नळीवर लावलेली चिठ्ठी, पट्टी नळीस बांधणे किंवा तिचे टोक बाहेर ठेवणे. कागदावरची नोंद म्हणजे स्वॅबच्या फलकावर पट्टी घातल्याचे व काढल्याचे लिहिणे, किंवा दोन व्यक्तींनी मिळून तपासून सही करणे. पुढे २०१८ साली ब्रिटनमधील भूलतज्ज्ञ, मुख-जबडा शल्यचिकित्सक आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्या तीन संघटनांनी उपलब्ध संशोधन एकत्र तपासून संयुक्त मत दिले : प्रौढ रुग्णांत भूलतज्ज्ञांनी सरसकट, केवळ रीत म्हणून पट्टी घालण्यास पुरेसा आधार नाही, ती प्रथा सोडावी. शल्यचिकित्सकास विशिष्ट कारण असेल तर घालावी, आणि मग ती मोजणीत धरावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रिया-सुरक्षेची जी तपासणी यादी प्रसृत केली तिचाही येथे संबंध येतो. त्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गवांदे यांनी केले. त्यांचे वडील महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेले, हे आपल्या वाचकांस ऐकून आनंद होईल. जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीतील एक होते, ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी उपकरणे, स्वॅब व सुया यांची मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगावे, हे या यादीत आहे. घशातील पट्टी त्या वाक्यात आपोआप येत नाही. ती मुद्दाम आणावी लागते.

आपल्या रुग्णालयात सध्या पाळली जाणारी पद्धत यावरूनच आखलेली आहे. पट्टी कोणीही घालो, ती सिस्टरच्या टेबलावरूनच द्यावयाची. क्ष-किरणांत दिसणारा धागा विणलेली गॉझच वापरावयाची. घालताच भूलतज्ज्ञ मोठ्याने सांगतात, आणि भिंतीवरील पांढऱ्या फलकावर घातल्याची वेळ लिहिली जाते. शेजारचा ‘काढली’ हा रकाना रिकामा राहतो. तो भरल्याशिवाय रुग्णाची नळी काढावयाची नाही.

हिशेबाच्या भाषेत ही द्विनोंदी पद्धत आहे. एक बाजू लिहिली की दुसरी बाजू लिहिल्याशिवाय पान बंद होत नाही. तथापि एक गोष्ट आम्ही आमच्या शस्त्रक्रियागृहातील सहकाऱ्यांस आग्रहाने सांगितली, आणि ती वैद्यकाच्या नव्हे, व्हाउचरच्या अनुभवातून. सही आहे म्हणजे सही करणाऱ्याने कागद वाचला आहे, असे होत नाही. दोन सह्या असल्या की प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीवर विसंबतो, आणि दोन्ही सह्या निरर्थक होतात. म्हणून ‘काढली’ हा शब्द लिहिण्यापूर्वी काढलेली पट्टी दोघांनी डोळ्यांनी पाहावयाची, उलगडून ती अखंड आहे याची खात्री करावयाची आणि मगच लिहावयाचे. अर्धी पट्टी बाहेर आली आणि अर्धी आत राहिली तर फलक खोटे बोलतो.

विश्वस्तांपैकी काहींनी रास्त प्रश्न विचारला, की पट्टी घालणेच बंद का करू नये? प्रौढ रुग्णांत ती रीत म्हणून घालणे सोडण्याकडेच आमच्या भूलतज्ज्ञांचा कल आहे. परंतु जेथे शल्यचिकित्सकास तिची गरज आहे तेथे प्रशासनाने सरसकट बंदीचा हुकूम काढणे आम्हांस उचित वाटत नाही. कारण सांगावे, लिहावे आणि वापरावी, एवढेच आमचे म्हणणे. या व्यवस्थेस खर्च जवळजवळ नाही. एक फलक, एक पेन, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अर्धे मिनिट. या अर्ध्या मिनिटासाठी देणगी मागता येत नाही. परंतु देणगीतून आलेल्या सर्व यंत्रांचे मोल त्यावर टिकून आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी काही सूचना. हलणारा दात, कवळी, दातावरील टोपी यांविषयी भूलतज्ज्ञांस आधीच सांगावे. उपाशी राहण्याची जी वेळ सांगितली असेल ती काटेकोर पाळावी. ‘एक घोट चहाने काय होते’ असे म्हणून आजीने नातवास चहा पाजल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. घशात पट्टी घालणार आहेत का, आणि कशासाठी, हे विचारण्यास संकोच करू नये. शस्त्रक्रियेनंतर घसा एक-दोन दिवस दुखेल, आवाज बसेल, एखादी काळसर उलटी होईल. त्याने घाबरू नये. परंतु श्वासाला घरघर येत असेल, स्वतःची लाळही गिळता येत नसेल, घशात काही अडकल्यासारखे वाटत असेल किंवा तोंडाला दुर्गंधी येऊ लागली असेल, तर कोमट पाण्याच्या गुळण्या करीत सकाळची वाट पाहू नये. वॉर्डात असाल तर तत्काळ सिस्टरला हाक मारावी. घरी गेला असाल तर डिस्चार्ज कार्ड घेऊन, कोणत्याही वेळी, थेट अपघात विभागात यावे.